पालपेबल म्हंजे काय ते कळव

वरची वाडी, विंझर, ता. वेल्हे
सोमवार, १८ नोव्हेंबर २०२४

चि. सुलक्षणा हिला आत्याचा आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नको, कोन मेलेलं न्हाई. फोनच केला असता, पन फोन तुझ्या संपतदादाच्या खिशात आन संपत वरव्याला कंपनीत. ऐतवारी घरी आला तरी रेंज खिंडीत जाऊनच मिळती. तितं उभं राहून बोललं की खालची वाडी ऐकती. तू हॉस्टेलात व्हतीस तवा मला पत्रं लिवायची सवय लागली, तीच बरी. गोरखच्या दुधाच्या टेम्पोतनं पाठवते, तो नसरापूरला तुझ्या दारात देईल. त्याला वाचता येतं, पन माझं अक्षर त्याच्या बापाला लागायचं न्हाई.

काम एकच हाय. तू भोरच्या शाळंत इंग्रजी शिकवतीस. "पालपेबल" म्हंजे काय ते कळव. विंझरला देवळाच्या हॉलात बायांच्या तपासनीचं शिबिर झालं. पुन्याची बाई डाक्टर आलती. तिनं वाडीतल्या एका पोरीला तपासलं आन नर्सला म्हनली, पालपेबल. नर्सनं मान हलवली. मी शेजारीच उभी. परत एकदा म्हनली. इसरू नये म्हनून तितनं घरापतोर म्या तोच शब्द तोंडात घोळत आले. वाटंत बनाबाईनं हाक मारली तर तिला ओ दिली न्हाई. ती अजून फुगलीया.

हे आजाराचं नाव हाय का? असंल तर कसला आजार, बरा व्हतो का न्हाई, एवढं लिव. पोरगी कोन ते इचारू नको. आन मला शाळा शिकवू नको, चार ओळीत लिव.

आमी बरी हाय. तुझ्या वहिनीनं, आरतीनं, बारकीचं दूध तोडलंय, त्यामुळं ती घर डोक्यावर घेती. दोन वरसाची झाली तरी सोडत नव्हती. संपत ऐतवारी येतो, जेवतो, झोपतो.

तुझी आत्या
कोंडाबाई


नसरापूर
रविवार, २४ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप आत्यास सा. न.

चार ओळींत लिहिणं मला जमत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. पण आधी मुद्द्याचं सांगते. पॅल्पेबल हे कुठल्याच आजाराचं नाव नाही. अगदी साधा शब्द आहे. हाताला लागतं, बोटांना जाणवतं, तेवढाच त्याचा अर्थ. डोळ्यांना दिसो न दिसो, हात ठेवला की कळतं, असं काहीही पॅल्पेबल.

आता रागावू नका, थोडी शाळा शिकवतेच. लॅटिन म्हणून एक जुनी भाषा होती. तिच्यात पाल्पारे म्हणजे हळूच हात फिरवणं, थोपटणं, चाचपणं. नवी शेळी आणली की तुम्ही तिच्या पाठीवरून हात फिरवता ना, तसं. त्यावरून हा शब्द झाला आणि सहाएकशे वर्षांमागं इंग्रजीत आला. डॉक्टर लोक तो रोज वापरतात. नाडी हाताला लागते, पोटातलं बाळ हाताला लागतं. पुढं लोक जे हाताला लागतच नाही त्यालाही तो लावायला लागले. निकालाच्या दिवशी वर्गात पोरं बसलेली असतात, तेव्हा त्यांची भीती पॅल्पेबल. म्हणजे हात पुढं केला तर लागेल इतकी. आपण धडधडीत खोटं म्हणतो, तिथंही इंग्रजीत हा शब्द चालतो.

आता माझा प्रश्न. बायकांची तपासणी, बाई डॉक्टर, वाडीतली पोरगी, आणि तिचं नाव तुम्ही सांगत नाही. त्याच पत्रात बारकीचं दूध तोडल्याचं लिहिता. आत्या, मी काय दूधखुळी आहे? गर्भ हाताला लागला असणार, दुसरं काय. वहिनीला सांगा, मी कुणाला बोलणार नाही. पण यंदा मुलगा होऊ दे नाहीतर मुलगी, नाव मी ठेवणार.

बाबा बरे आहेत. तुमची आठवण काढतात आणि तुमच्या तुपाची जास्त काढतात.

तुमची
सुलक्षणा


वरची वाडी
सोमवार, २ डिसेंबर २०२४

चि. सुलक्षणा हिला आशीर्वाद.

दोन पानं आली. चार ओळी म्हनलं व्हतं. तरी बरं, कामाची ओळ वरच व्हती. आजाराचं नाव न्हाई हे वाचलं आन जीव भांड्यात पडला. बाकीचं काल वाचलं, शेळ्या पान्यावर गेल्या तवा.

हाताला लागतं हे तर मला बी ठाव व्हतं. आमी जलमभर तेच करत आलो. गाभन शेळीच्या पोटाखाली हात घातला की पिल्लू लागतं का न्हाई ते कळतं. त्याला पुन्याची डाक्टर कशाला. आन तिनं सांगितलं तरी काय, तर हाताला लागतं. एवढ्यासाठी पुन्याला जाऊन फोटो काढा म्हनत व्हती. ते आता मोडलं. एसटीत हादरत कोन जाईल. म्या पोरीला सांगितलं, सुलक्षणाचं पत्र आलंय, भ्यायचं काम न्हाई. तिचं बी तोंड जरा उजळलं.

तू जे समजलीस त्याबद्दल काय लिवत न्हाई. देव देईल तवा देईल.

गोरखबरुबर तूप पाठवलंय. बाबाला देशील तवा झाकण नीट लाव, मागच्या येळंला मुंग्या लागल्या आन दोष माझ्या तुपाला.

तुझी आत्या
कोंडाबाई


नसरापूर
बुधवार, १५ जानेवारी २०२५

तीर्थरूप आत्यास सा. न.

सोबत तिळगूळ आहे. गोड बोला म्हणून तुम्हाला सांगण्यात अर्थ नाही, पण घ्या.

तिळगुळाच्या डब्याखाली कागदात एक लोकरीची टोपी आहे. ती वहिनीला द्या. मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये बसून विणली. सगळ्या बाया विचारत होत्या कुणासाठी, मी म्हटलं माझ्या आत्याच्या घरी पाळणा हलायचाय. पिवळी विणली, म्हणजे मुलगा असो मुलगी असो. कान झाकतील अशी केलीय, तुमच्याकडं वारं फार.

कितवा लागला ते काही तुम्ही कळवत नाही. सोनोग्राफी मोडलीत ते मला तितकंसं पटलं नाही, पण पहिलटकरीण नाही म्हणून बोलले नाही. पाचव्या महिन्यात मात्र करून घ्या. मी येईन सोबत. वहिनीला म्हणावं, आवळे खावेसे वाटले तर सांग, आमच्या दारात झाड लगडलंय.

तुमची
सुलक्षणा


वरची वाडी
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

सुलक्षणा,

टोपी परत पाठवतीया. ती हितं कुनाची न्हाई. आता लिवते ते शेवटपतोर वाच, मधी उठू नको.

ती पोरगी म्हंजे आरतीच. पन तिला दिवस गेले न्हाईत. तिच्या छातीत गाठ हाय. डाव्या अंगाला, काखंच्या जवळ. बारकीचं दूध तोडलं तवा तिची छाती दाटून आली. म्या कोमट तेल लावून चोळत व्हते, तवा माझ्याच बोटाला लागली. हरभऱ्याएवढी. म्या म्हनलं, दूध गोठलं. शेळीची कास सुजून दगडी व्हती तसं. ह्या हातानं किती दगडी उतरवल्या ते तू लहानपनी बघितलंस. कोरफड, हळद आन चुना वाटून लावला. शेळीला लावते तोच लेप, चुना तेवढा कमी. सुनंला शेळीचं औषध लावताना मला काय वावगं वाटलं न्हाई. उतरंल म्हनलं.

उतरली न्हाई म्हनून आरतीनं शिबिराचा हट्ट धरला. डाक्टरनं तिला चाचपलं, नर्सला तुझा तो शब्द बोलली, आन मग आरतीला सांगितलं, पुन्याला जा, फोटो काढा, सुई घालून बघावं लागंल, दिवस घालवू नका. सुईचं ऐकलं आन माझं मन उलटं झालं. गाठीला सुई लागली की ती पसरती असं आमच्यात बाया म्हनत्यात. परत परक्या मानसापुढं छाती उघडायची. संपतला काय सांगायचं, कसं सांगायचं. म्हनलं, आधी त्या शब्दाचा अर्थ कळू दे, मग बघू. तो आजार असंल तर जाऊ.

तुझं पत्र आलं, आजाराचं नाव न्हाई. म्या तेवढंच धरलं. आन आरतीला काय सांगितलं ठाव हाय? म्हनलं, सुलक्षणानं भोरच्या डाक्टरला इचारलं, तो म्हनला भ्यायचं कारन न्हाई. तू कुठल्या डाक्टरचं नाव बी काढलं नव्हतंस. तू धडधडीत खोटं म्हनून लिवलं व्हतंस, ते म्या त्याच दिशी चुलीपाशी बसून केलं. तिची पिशवी भरलेली व्हती. पुन्याला जायची ती पिशवी तिनं रिकामी केली.

टोपी आली तवा म्या ती पेटीत घोंगड्याखाली दडवली. तुला लगेच लिवायला पायजे व्हतं. न्हाई लिवलं. काल आरती घोंगडं काढाय गेली आन तिला ती तुझ्या पत्रासकट घावली. टोपी घेऊन माझ्यापुढं बसली. म्हनली, "आई, ताईला वाटतंय मला दिवस गेलेत."

म्या भाकरी थापत व्हते.

"मग तुमी त्यांला इचारलं काय व्हतं?"

म्हनलं, शब्द इचारला.

"निस्ता शब्द?"

निस्ता.

"आन त्यांनी भोरच्या डाक्टरला इचारलं, ते?"

म्या दुसरा गोळा घेतला. तिनं पदर बाजूला करून माझा हात धरला आन तितं ठेवला, पिठासकट. लिंबाएवढी झालीया. वरची कातडी आत ओढलीया. म्या म्हनत व्हते ते चुन्यानं भाजलंय. चुन्याचं न्हाई ते.

आता कुठं जायचं ते सांग. संपतला अजून सांगितलं न्हाई. आज जेवून गेला, मला तोंड उघडाय जमलं न्हाई. मी उभ्या जलमात कुनाला भ्याले न्हाई, पोटच्या पोराला भ्याले.

आत्या


नसरापूर
सोमवार, १० फेब्रुवारी २०२५

आत्या,

गोरखला थांबवून घाईत लिहितेय. गुरुवारी पहिल्या गाडीनं वहिनीला घेऊन नसरापूर फाट्यावर या. मी रजा टाकलीय. पुण्यात माझ्या मैत्रिणीची बहीण एका मोठ्या दवाखान्यात नर्स आहे, तिच्याशी बोलले, ती डॉक्टरीणबाईंची वेळ घेतेय. सुईनं गाठ पसरत नाही. हे मी आता खरोखर विचारून लिहितेय. लेप बिलकुल लावू नका. रात्रीच्या मुक्कामाचे कपडे घ्या, बारकीला बनाबाईकडं ठेवा.

दादाला सांगायलाच हवं. जमत नसेल तर एवढंच म्हणा, गुरुवारी फाट्यावर ये, आरतीला दवाखान्यात न्यायचंय. बाकीचं मी बघते.

तुम्ही मला पुरतं सांगितलं नाहीत, हे खरं. पण "आजार आहे का, बरा होतो का" असं विचारणारं माणूस गोड बातमी लपवत नसतं. हे शेंबड्या पोराला कळलं असतं. मी लॅटिन सांगत बसले. शेवटी एक ओळ, जे हाताला लागलंय ते दाखवून घ्या, एवढी एकच ओळ लिहायची राहिली. टोपी समोर टेबलावर आहे. वर्गात गेले नाही आज.

गुरुवारी. चुकवू नका.

सुलक्षणा


वरची वाडी
रविवार, ६ एप्रिल २०२५

चि. सुलक्षणा हिला आशीर्वाद.

आमी शुक्रवारी वाडीला आलो. आरती घरात हिंडती फिरती, डावा हात पुरता वर जात न्हाई. तू ऑपरेशनच्या दिशी येऊन गेलीस, त्याच्या पुढचं तुला ठाव न्हाई. ते लिवते, कारन दुसऱ्या कुनापुढं लिवता येत न्हाई.

सगळी छाती काढली हे तुला ठाव हाय. पट्टी सोडायच्या दिशी डाक्टरीनबाईनं आमाला तिघांला म्होरं बसवलं. म्हनली, कॅन्सरच हाय, पन पुढं लांब गेलेला न्हाई, औषधाचे डोस घेतले तर पोरगी उभी राहील. तीन-तीन आठवड्यांनी एक. मग आरतीकडं बघून म्हनली, "शिबिरात नोव्हेंबरात सांगितलं होतं ना? तेव्हा आला असतात तर नुसती गाठ काढून भागलं असतं बहुतेक. घरी का बसलात?"

म्या तोंड उघडणार. खरं सांगते, उघडणार व्हते. त्याच्या आदीच आरती म्हनली, "मला भ्या वाटलं. आई जा जा म्हनत व्हत्या. मीच न्हाई आले."

डाक्टरीनबाई माझ्याकडं वळली. म्हनली, "आजी, तुमच्या हाताला लागली म्हणून कळलं. आणि शेवटी तुम्हीच घेऊन आलात. बरं केलंत."

म्या गप. मान हलवली असंल बहुतेक. आन बाहेर जिन्यात संपत आरतीला म्हनला, "अक्कल गहान ठिवली व्हती का तुझी? पोर हाय पदरात." ती कठडा धरून उतरत व्हती. तवा बी म्या गप. पिशवी धरून मागनं उतरले.

दुसऱ्या दिशी सकाळी पेज भरवताना तिला म्हनलं, का ग असं बोललीस? आज संपतला सगळं सांगते. तिनं चमचा हातानं बाजूला केला. म्हनली, "सांगू नका. तुमी सांगून मोकळ्या व्हाल. ते माझ्यावर चिडले तर चार दिस चिडतील. तुमच्यावर चिडले तर तुमाला मामांकडं नसरापूरला न्हेऊन घालतील. मग बारकीला कोन बघंल? मला डोस चालू असताना कोन बसंल? मला आत्ता तुमी पायजे, तुमचा कबुलीजबाब नको."

आन जरा येळानं म्हनली, "मला बी जायचं नव्हतंच. तुमी भ्यायचं काम न्हाई म्हनला तवा लई बरं वाटलं व्हतं."

हे ती खरं बोलली का माझ्यासाठी बोलली, मला ठाव न्हाई. इचारायची छाती न्हाई.

हितं संपतनं वाडीभर केलंय, आईच्या हातानं कळलं. बाया यायला लागल्या. बनाबाई रुसवा सोडून पैली आली, म्हनली, कोंडे, माझ्या बी अंगाला हात लावून बघ. म्या हात पदराखाली घेतले. म्हनलं, येल्ह्याला दवाखान्यात जा, गोरखच्या टेम्पोत बस, मी त्याला सांगते. ती म्हनली, लई भाव खाया लागलीस. जाऊ दे, म्हनू दे.

तुझी आत्या
कोंडाबाई


नसरापूर
सोमवार, १४ एप्रिल २०२५

तीर्थरूप आत्यास सा. न.

पत्र दोनदा वाचलं आणि मग कपाटात ठेवलं, बाबांच्या हाताला लागू नये म्हणून.

मी एक ठरवलंय. पुढच्या रविवारी वाडीला येते आणि दादाला सांगते की आत्यानं मला विचारलं होतं, मीच चुकीचं सांगितलं. घाबरू नका असं मीच लिहिलं, त्यावर तुम्ही सगळे विसंबलात. त्यात खोटं फारसं नाहीच. म्हणजे वहिनीवरचा दादाचा राग उतरेल, आणि तुमचं नावही यायचं नाही. दादा मला काय करणार? चार वर्षं बोलणार नाही, भाऊबीजेला ओवाळून घ्यायला येणार नाही. मला चालेल. मी शाळेत "पॅल्पेबल" हा शब्द आला की आता धडा पुढं नेते, पोरं विचारतात, बाई, हा राहिला. मला काहीतरी करू द्या.

वहिनीचा पहिला डोस कधी ते कळवा. मला सोबत यायचंय.

तुमची
सुलक्षणा


वरची वाडी
रविवार, २२ जून २०२५

चि. सुलक्षणा हिला आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्याच दिशी म्या गोरखच्या हाती निरोप धाडला, येऊ नको म्हनून. तू रागावलीस असं बाबाकडनं कळलं. आरतीनं तिच्यावर घेतलं, आता तू तुझ्यावर घ्यायला निघालीस. सगळ्याजनी माझं वझं उचलाय म्होरं. मला काय हात न्हाईत?

पन तू म्हनत व्हतीस ते सगळंच काय खोटं नव्हतं. संपतचा राग चार दिसात जाईल असं आरतीला वाटलं, तो गेला न्हाई. दर डोसाला तो तिला एकदा तरी बोलून दाखवायचा. जेवन गेलं न्हाई की म्हनायचा, भोग. केस गेले तवा बारकी तिला बघून रडली, तर म्हनला, पोरीला रडवायचं हे आदी सुचलं न्हाई का. तसा वाईट न्हाई तो. रजा काढून येतो, रांगेत उभा राहतो, तिच्यासाठी उशी घरनं घेऊन जातो. भ्याला हाय. भ्याला की बापासारखं टोचून बोलतो. दर येळंला म्या ऐकायची आन भांडं घासायला उठायची.

मागच्या डोसाला दवाखान्याच्या बाहेर बाकड्यावर बसलो व्हतो. संपतनं शहाळं आनलं. आरतीला वासानंच नको झालं, तिनं तोंड फिरवलं. तर म्हनला, "नको तर नको. बस तशीच. नोव्हेंबरात बसली व्हतीस तशी." बाजूला दोन बाया बसलेल्या, त्या खाली बघाय लागल्या. आरतीनं डोक्याचा रुमाल नीट केला.

म्या म्हनलं, "संपत, नोव्हेंबरात ती बसली न्हाई. म्या बसवली. तिची पिशवी भरलेली व्हती. म्या तिला खोटं सांगितलं की डाक्टर म्हनला काय न्हाई. कुठल्या डाक्टरला इचारलंच नव्हतं. सुलक्षणाला एक शब्द इचारला व्हता, कुनाबद्दल ते तिला बी सांगितलं न्हाई. आन शेळीचा लेप लावत बसले. आता हिला एक अक्षर बोलायचं न्हाई. काय बोलायचं ते मला बोल."

झालं. एवढंच. ते बोलायला म्हैने घालवले, आन शहाळ्यातलं पानी संपायच्या आत बोलून झालं.

तो शहाळं धरून उभा. मग ते बाकड्याखाली ठेवलं आन रस्त्याच्या पल्याड जाऊन उभा राह्यला. आरतीनं माझ्याकडं बघितलं सुद्धा न्हाई. म्हनली, "तुमाला गप बसता येत न्हाई." लई चिडली. म्या म्हनलं, न्हाई येत.

नर्सनं नाव पुकारलं तवा तो आला. मला न्हाई, तिला म्हनला, "उद्या हिला मामाकडं सोडून येतो. मला ही घरात नको."

आरती म्हनली, "सोडा. बारकीची वेनी तुमी घाला. शेळ्या तुमी सोडा. मला उलटी झाली की भांडं धरायला कंपनीतनं कुनाला आना." आन आत गेली.

त्यानं मला सोडलं न्हाई. पन तवापासनं मला आई म्हनत न्हाई. बारकीला सांगतो, आज्जीला म्हनावं वाढ. बारकी येऊन मला ओरडून सांगती, वाढ. म्या वाढते. वाडीत आईच्या हाताचं कौतुक त्यानं बंद केलं, बरं झालं. बनाबाईला चुकल्यासारखं वाटतंय, काय झालं म्हनून दोनदा इचारलं. म्या तिला सांगितलं, सगळं. तिनं तोंडावर हात ठेवला. म्हनलं, हात ठेवून काय उपेग न्हाई, तुझी तारीख हाय येल्ह्याला मंगळवारी, चुकवलीस तर घरात येऊन ओढीन. आता वाडीला कळलंय. बाया माझ्याकडं येत न्हाईत, दवाखान्यात जात्यात. जाऊ देत.

तू ये. संपतला तुझं जे सांगायचं ते सांग, पन तू चुकीचं सांगितलंस असं सांगू नको. तू बरुबर सांगितलं व्हतंस. एक ओळ राह्यली म्हनतीस, ती तुझी तू बघ, त्यात मी मधी पडत न्हाई. मला कुनी माफ करावं म्हनून हे लिवत न्हाई. आरतीनं अजून केलेलं न्हाई, म्या मागितलं बी न्हाई. तिचं रगत वाढलंय असं डाक्टरीनबाई म्हनली. अजून डोस बाकी हायत. छाती काय परत येत न्हाई. आंघोळीला पाठ चोळायला मला बोलावती, तवा दिसती ती जागा. म्या बघते. बघायचंच.

त्या दिशी परत येताना एसटीत संपत आन आरती एका बाकड्यावर बसले. म्या त्यांच्या मागं. घाट लागला आन आरतीला मळमळाय लागलं. संपतनं एक हात तिच्या पाठीवर ठेवला आन दुसरा, मागं न बघता, माझ्याकडं केला. म्या उलटीची पिशवी उघडून त्याच्या हातात दिली.

तुझी आत्या
कोंडाबाई